शेजेची चिन्हव्यवस्था : निद्रा, निद्रेचे मिष आणि जागा वाचक

१

जोडप्याची झोपण्याची पद्धत पाहून त्याच्या नात्याचे निदान करता येते, ही समजूत नियतकालिकांच्या पुरवण्यांतून आता इतकी रुळली आहे की ती एक विशिष्ट सिद्धान्त गृहीत धरते, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ सॅम्युएल डंकेल यांचे ‘स्लीप पोझिशन्स : द नाइट लँग्वेज ऑफ द बॉडी’ हे पुस्तक १९७७ साली प्रसिद्ध झाले. या समजुतीमागचा सिद्धान्त त्याच्या शीर्षकातच सांगितलेला आहे. देहाला रात्रीची एक भाषा असते. दिवसा माणूस शब्दांच्या आड लपतो, रात्री देह खरे बोलतो. पुरवण्यांनी या कल्पनेचे कोष्टक करून टाकले. एकमेकांच्या कुशीत झोपणारे सुखी, पाठीला पाठ लावून झोपणारे दुरावलेले, मध्ये हातभर अंतर ठेवणारे स्वतंत्र वृत्तीचे, अशी ती मांडणी असते.

या मांडणीच्या मुळाशी तीन गृहीतके आहेत. पहिले, झोपलेला माणूस काही करीत नसतो, म्हणून तो खोटेही बोलत नसतो. दुसरे, एका स्थितीला एक अर्थ असतो. तिसरे, ही स्थिती पाहणारा कोण आहे आणि तो कोठे उभा आहे, याने तिच्या अर्थात फरक पडत नाही. तिन्ही गृहीतके मुळात चिन्हमीमांसेची आहेत, वैद्यकाची नाहीत. म्हणून त्यांची परीक्षाही चिन्हांच्या शास्त्रातच व्हावयास हवी. दांपत्याची शेज हा ज्या वाङ्मयाचा फार जुना विषय आहे, त्या प्राकृत-संस्कृत परंपरेने आणि तिच्यावर उभ्या राहिलेल्या साहित्यशास्त्राने ही परीक्षा पूर्वीच केलेली आहे. तिचा निकाल मात्र आजच्या कोष्टकांना अनुकूल नाही.

२

महाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’ हा सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेला संग्रह मराठी वाचकाला विशेष परिचित झाला तो स. आ. जोगळेकर यांच्या १९५६ सालच्या आवृत्तीमुळे. या संग्रहात शेजेवरची माणसे वारंवार भेटतात. त्यांच्याविषयी पहिली लक्षणीय गोष्ट अशी की, जेथे त्यांची निद्रा सर्वांत अर्थपूर्ण असते तेथे ती खरी नसते. पहिल्या शतकातील एका गाथेत प्रेमातून रुसलेली दोघे एकाच शेजेवर निजल्याचे सोंग करून पडली आहेत. अंग हलत नाही, श्वास रोखलेला आहे, कान मात्र दुसऱ्याच्या श्वासाकडे लागलेले आहेत. शेवटी गाथाकार एवढेच विचारतो की, या दोघांत मल्ल कोण? कुस्तीच्या फडातला शब्द शेजेवर आणून त्याने निश्चलतेला क्रियेचे रूप दिले आहे. बाहेरून पाहणाऱ्याला येथे दोन झोपलेली शरीरे दिसतील. गाथेच्या वाचकाला मात्र एक झुंज दिसते.

त्याच शतकातील दुसऱ्या एका गाथेत उशिरा आलेली स्त्री डोळे मिटून पडलेल्या प्रियकराला, मला थोडी जागा दे, अशी विनवणी करते. पुन्हा उशीर करणार नाही, असेही सांगते. मात्र त्याआधी तिने त्याच्या गालाचे चुंबन घेतलेले आहे आणि त्याच्या अंगावर उठलेला काटा पाहिलेला आहे. त्याची झोप लटकी आहे हे तिला त्यावरून कळले. अमरुशतकातील एका प्रसिद्ध श्लोकात हाच प्रसंग नवविवाहितेच्या बाजूने येतो. शयनगृहात दुसरे कोणी नाही असे पाहून ती हळूच उठते, झोपेचे मिष करून पडलेल्या पतीचे मुख बराच वेळ न्याहाळते आणि निःशंकपणे चुंबन घेते. त्याच्या गालावरचे रोमांच दिसताच ती लाजून मान खाली घालते. मम्मटाने काव्यप्रकाशात संभोगशृंगाराचे उदाहरण म्हणून हाच श्लोक निवडला.

या दोन्ही ठिकाणी देहाची स्थिती आणि देहावरचे रोमांच यांत केलेला भेद महत्त्वाचा आहे. नाट्यशास्त्रात रोमांच हा स्तंभ, स्वेद, अश्रू इत्यादी आठ सात्त्विक भावांपैकी एक आहे. मन एकाग्र झाल्याखेरीज तो नटालाही साधत नाही, असे भरताचे म्हणणे आहे. अंगाची ठेवण मात्र आंगिक अभिनयात मोडते. ती हवी तशी करता येते. निद्रा, सुप्त आणि विबोध हे तिन्ही तेहतीस व्यभिचारी भावांत स्वतंत्रपणे गणलेले आहेत, आणि त्याच यादीत अवहित्थ, म्हणजे मनातला भाव लपविणे, हाही आहे. लटकी झोप हे निद्रेचे रूप घेतलेले अवहित्थ होय. म्हणजे जे शास्त्र निद्रेला भाव मानते तेच निद्रेच्या मिषालाही भाव मानते, आणि दोहोंतला फरक कशावरून ओळखावा हेही सांगते. स्थितीवर विश्वास ठेवू नये, कारण ती कर्त्याच्या हाती असते. जे त्याच्या हाती नसते ते पाहावे. पुरवणीतले कोष्टक याच्या नेमके उलट करते. कर्त्याच्या हाती सर्वांत जास्त असलेल्या चिन्हालाच ते देहाचा अनैच्छिक कबुलीजबाब मानते.

यावर एक आक्षेप संभवतो. गाथेतली आणि अमरूच्या श्लोकातली झोप खोटी असली, तरी प्रत्यक्षातली माणसे खरोखरच झोपतात. मग मिषाचा दाखला त्यांना कसा लागू पडावा? परंतु खरी झोप त्या सिद्धान्ताला आणखीच अडचणीत आणते. झोपलेला माणूस रात्रीतून अनेकदा कूस बदलतो. स्वप्नावस्थेच्या ज्या टप्प्यात मन सर्वांत क्रियाशील असते, त्याच टप्प्यात स्नायू जवळजवळ शिथिल असतात. तेव्हा कोणत्या घटकेची स्थिती ही नात्याची स्थिती मानावयाची? बहुतेक वेळा जी मानली जाते ती झोप लागण्यापूर्वीची असते, म्हणजे जागेपणी, दुसऱ्याच्या देखत घेतलेली. अखेर ती गाथेतल्या त्या दोघांच्या स्थितीसारखीच दुसऱ्याला उद्देशून केलेली उक्ती ठरते.

३

दुसरे गृहीतक एका स्थितीच्या एका अर्थाचे आहे. पाठ फिरवणे हा मराठीतला वाक्प्रचारच दुराव्याचा निर्वाळा देतो, त्यामुळे पाठीला पाठ लावून झोपणे म्हणजे दुरावा, हे वाचन सहज पटते. अमरूने मात्र हीच स्थिती घेऊन तिचा अर्थ उलटा केला आहे. त्याच्या एका श्लोकात पती-पत्नी एकाच शेजेवर तोंडे फिरवून पडली आहेत. कोणी बोलत नाही. समजूत घालावी असे दोघांच्याही मनात आहे, परंतु आपला मान कोणालाच सोडवत नाही. मग दोघांचीही नजर डोळ्यांच्या कोपऱ्यातून हळूच वळते, नजरेला नजर मिळते, आणि भांडण हसण्यात व मिठीत संपते. हा श्लोक पाठमोरेपणातून मिठीकडे गेला आहे, एवढेच सांगून भागत नाही. ती मिठी पाठमोरेपणात आधीपासूनच होती, म्हणूनच नजर वळली. ज्यांना खरोखर परस्परांशी कर्तव्य उरलेले नाही ती माणसे इतक्या नेटाने पाठ फिरवीत नाहीत. ती स्वस्थ झोपतात.

येथे अनुमान आणि व्यंजना यांच्यातला जुना वाद उपयोगी पडतो. महिमभट्टाने ‘व्यक्तिविवेका’त असे प्रतिपादन केले की, ध्वनी म्हणून जे सांगितले जाते ते सर्व अनुमानात सामावते, व्यंजना नावाची वेगळी शक्ती मानण्याचे कारण नाही. मम्मटाने त्याला दिलेल्या उत्तराचा गाभा असा की, अनुमानाला व्याप्ती लागते. जेथे धूर तेथे अग्नी, हे अव्यभिचारी साहचर्य असल्यामुळे धुरावरून अग्नी सिद्ध होतो. काव्यातले सूचक मात्र अनैकान्तिक असतात. त्याच सूचकापासून दुसरा अर्थही निघू शकतो. झोपण्याच्या स्थितीवरून नात्याचे निदान करणारे, नकळत का होईना, महिमभट्टाच्या पक्षाचे आहेत. त्यांना पाठीत धूर दिसतो आणि दुराव्याचा अग्नी सिद्ध झालेला वाटतो. अमरूचा श्लोक हे त्या व्याप्तीला दिलेले एक उदाहरण नव्हे, तो तिचा व्यभिचार आहे. आणि व्याप्ती मोडण्यास एक व्यभिचारही पुरतो.

मग अर्थ ठरतो कशाने? व्यंग्यार्थाला साहाय्य करणाऱ्या गोष्टींची मम्मटाने यादीच दिली आहे. वक्ता, बोद्धव्य, काकू, वाक्य, वाच्य, अन्यसंनिधी, प्रस्ताव, देश, काल या त्यातल्या काही. शेजेच्या दृष्टीने यांतील अन्यसंनिधी आणि देश यांचे महत्त्व फार मोठे आहे. ध्वनिसिद्धान्ताच्या इतिहासात झोपण्याच्या जागांविषयीचीच एक गाथा पायाभूत ठरली, ही गोष्ट या संदर्भात बोलकी आहे. पती परगावी असलेली स्त्री वाटसरूला सांगते की, सासू येथे निजते आणि मी येथे. दिवस आहे तोवर नीट पाहून ठेव, रात्री दिसत नाही म्हणून आमच्या अंथरुणावर येऊन पडू नकोस. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या पहिल्या उद्द्योतात वाच्यार्थ निषेधाचा आणि व्यंग्यार्थ विधीचा, याचे उदाहरण म्हणून ही गाथा दिली. सासू ऐकते आहे म्हणून निषेध, आणि निषेधाच्या शब्दांतच शेजेचा नकाशा. घरात कोण कोठे झोपते ही वस्तुस्थिती स्वतः काहीच सांगत नाही. ती कोणी, कोणाला, कोणाच्या देखत सांगितली यावर तिचा अर्थ उभा राहतो.

ही अन्यसंनिधी केवळ काव्यातील युक्ती नाही. मराठी समाजात दांपत्याला स्वतःची खोली आणि स्वतःचा पलंग असणे हा फार मोठ्या वर्गाच्या बाबतीत कालपरवाचा, आणि अनेकांच्या बाबतीत अजूनही न आलेला अनुभव आहे. वाड्यात बायका-मुले माजघरात आणि पुरुष ओटीवर-पडवीत. चाळीत दहा-बारा फुटी खोलीत जमिनीवर ओळीने अंथरुणे आणि उरलेल्यांनी गॅलरीत पथारी पसरायची. सकाळी वळकट्या झाल्या की शेज नावाची जागाच घरातून नाहीशी होते. राजा ठाकूर दिग्दर्शित ‘मुंबईचा जावई’ (१९७०) या चित्रपटाचे कथानकच चाळीतल्या नवविवाहितांना न मिळणाऱ्या एकान्तावर उभे आहे. १९७२ साली बासू चटर्जी यांनी ते ‘पिया का घर’ म्हणून हिंदीत आणले. अशा घरात पत्नी भिंतीकडे तोंड करून झोपते ती पतीवर रुसून नव्हे, तर मध्ये मूल आहे आणि पलीकडे दीर आहे म्हणून. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते. देहाच्या स्थितीचा कर्ता येथे मन नसून खोली असते.

मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९३४ साली देहाच्या तंत्रांविषयी दिलेल्या व्याख्यानात झोपण्याचाही समावेश केला होता. झोपणे नैसर्गिक वाटते, परंतु ते शिकलेले असते, समाजागणिक वेगळे असते, असा त्याचा रोख होता. ‘रात्रीची भाषा’ हे रूपक मान्य केले, तरी तिला सार्वत्रिक व्याकरण असल्याचा दावा या विचारापुढे टिकत नाही. वस्तुतः ते व्याकरण दोघांच्या स्वतंत्र खोलीचे आणि रुंद पलंगाचे आहे. जेथे ती खोली नाही, तेथे ते लावणे म्हणजे दारिद्र्याला दुरावा समजणे होय.

४

तिसरे गृहीतक सर्वांत कमी तपासले गेले आहे. झोपेची स्थिती झोपलेल्याला दिसत नाही. ती वाचणारा जागाच असावा लागतो. म्हणजे या भाषेत बोलणारा आणि वाचणारा यांची पायरी मुळातच सारखी नाही. एक निःशस्त्र असतो, तर दुसऱ्याच्या हाती निर्णय असतो.

अश्वघोषाच्या ‘बुद्धचरिता’च्या पाचव्या सर्गात हे वाचन त्याच्या टोकाला गेलेले दिसते. अंतःपुरातल्या स्त्रिया वाद्ये हाती असतानाच निद्राधीन झाल्या आहेत. कोणाचे वस्त्र विस्कटले आहे, कोणाचे तोंड उघडे आहे, कोणी मृदंगालाच प्रियकरासारखे कवटाळले आहे. सिद्धार्थ एकेक स्थिती पाहतो आणि स्त्रियांचे खरे स्वरूप हेच, असा निष्कर्ष काढतो. जागेपणीची शोभा खोटी, झोपेतला देह खरा, हे रात्रीच्या भाषेचे तत्त्वच त्याच्या तोंडी आहे. परंतु अश्वघोषाने एक गोष्ट लपविलेली नाही. सिद्धार्थाचा निश्चय जाणून अकनिष्ठ देवांनी त्या सर्व स्त्रियांवर एकदम निद्रा आणली आणि त्यांच्या गात्रांना विकृत रूप दिले, असे त्याने आधीच सांगून टाकले आहे. वाचकाला जो पुरावा वाटतो तो वाचकासाठी मांडलेला आहे. निश्चय आधी झाला आणि चिन्हे मागाहून आली. महाकाव्याच्या धर्मदृष्टीने यात विसंगती नाही, कारण तेथे गृहत्याग हेच श्रेय आहे. परंतु वाचनाच्या दृष्टीने पाहता, झोपलेल्यांच्या देहात जागा माणूस बहुधा स्वतःचाच निश्चय वाचतो, याचा याहून स्पष्ट दाखला सापडणे कठीण.

पाली निदानकथेत तोच गृहत्याग वेगळ्या चिन्हाशी येऊन थांबतो. राहुलमाता मुलाच्या मस्तकावर हात ठेवून झोपली आहे. मुलाला उचलून घ्यावे तर तिचा हात बाजूला करावा लागेल, ती जागी होईल आणि जाणे अडेल, म्हणून बोधिसत्त्व उंबऱ्यावरूनच परततो. येथे स्थितीचा अर्थ लावलेला नाही. तिला घाबरलेले आहे. नलोपाख्यानात नल आणि दमयंती एकाच वस्त्रात झोपली आहेत. नल ते वस्त्र अर्धे कापतो आणि पुन्हा पुन्हा मागे येत अखेर निघून जातो. एका वस्त्रात गुंडाळलेले दांपत्य ही जवळिकीची परिसीमा मानावी, तर त्यागाची घटना तेथूनच सुरू होते.

या सगळ्या सूत्रांना भवभूतीने ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकात एकत्र आणले. चित्रदर्शनाने थकलेल्या गर्भवती सीतेला राम आपला बाहू उशाला देतो. लग्न झाल्यापासून घरी आणि वनात, बालपणी आणि तारुण्यात, हीच तुझी उशी आहे, आणि तिच्यावर दुसऱ्या स्त्रीने कधी मस्तक टेकलेले नाही, असे तो म्हणतो. सीता निश्चिंतपणे झोपते. विरह तेवढा असह्य, असे शब्द रामाच्या ओठांवर असतानाच प्रतीहारी ‘आला’ असे म्हणते. आलेला असतो दुर्मुख, लोकापवादाची वार्ता घेऊन. त्याच शेजेवर निर्णय होतो. राम तिचे मस्तक हळूच उचलून बाहू काढून घेतो, पाळलेल्या पक्ष्याला मृत्यूच्या हवाली करणाऱ्या खाटकाची उपमा तो स्वतःला देतो, झोपलेल्या सीतेच्या पायांवर मस्तक ठेवतो आणि निघून जातो.

कोष्टकाप्रमाणे पाहिले तर पतीच्या बाहूवर मस्तक ठेवून झोपलेली पत्नी हे पूर्ण विश्वासाचे चिन्ह, आणि पायांवर मस्तक ठेवणारा पती हे पराकोटीच्या आदराचे. दोन्ही वाचने खरी आहेत, आणि दोन्ही चिन्हे परित्यागाच्या क्षणाची आहेत. विश्वासाची स्थिती येथे नात्याविषयी आश्वासन देत नाही. ती एका बाजूने घातलेला भार दाखवते, जो दुसऱ्याने पेलावा अशी अपेक्षा असते. आपण ज्याच्या स्वाधीन आहोत तो काय करतो आहे, हे झोपलेल्या सीतेला माहीत नाही. रामाचे प्रेम खोटे नाही, आणि म्हणूनच हा प्रसंग इतका दारुण आहे: तिच्या स्थितीतले सर्व त्याने अचूक वाचले, आणि तरीही तिला उठवून विचारले नाही.

यापुढची एक ओळीची सूक्ष्मता भवभूतीची स्वतःची. जागी झालेली सीता शेजेवर एकटीच आहे. झोपलेली सोडून गेले, म्हणून ती रागावण्याचे ठरवते. मात्र दिसल्यावर आपला आपल्यावर ताबा राहिला तर, अशी पुस्तीही जोडते. रिकाम्या शेजेचा तिने लावलेला अर्थ गाथेच्या आणि अमरूच्या मानप्रसंगाचा आहे: रुसवा, मग नजर, मग मिठी. तिचे वाचन परंपरेच्या दृष्टीने निर्दोष आहे आणि वस्तुस्थितीच्या दृष्टीने पूर्ण चुकलेले. प्रेमाच्या संकेतव्यवस्थेत राजसत्तेची कृती वाचली जात असल्यामुळे ही चूक घडते. दांपत्याच्या शेजेवर केवळ दोघेच असतात, या समजुतीचा भंग येथे होतो. चाळीतल्या खोलीत दीर आणि सासू असतात, तर अयोध्येच्या शयनगृहात प्रजा असते.

५

या साऱ्याचा अर्थ देह काहीच सांगत नाही, असा नाही. भवभूतीनेच त्याच अंकात रामाला एक रात्र आठवावयास लावली आहे. गालाला गाल लावून, एकेक हात मिठीत गुंतवून, दोघे काहीबाही, क्रम सोडून हळूहळू बोलत राहिली. प्रहर केव्हा सरले ते कळले नाही, रात्रच काय ती संपली. या श्लोकातला एक अनुस्वार कालिदासाने काढावयास सांगितला, अशी आख्यायिका पंडितांत सांगितली जाते. त्या अनुस्वाराने ‘रात्र अशी संपली’ असे होते, तो गेल्यावर ‘रात्रच संपली’, म्हणजे बोलणे संपले नाही, असे होते. ऐतिहासिकदृष्ट्या कथा टिकत नाही, परंतु तिच्यातली रसिकता अचूक आहे. दांपत्यस्थितीचे हे संस्कृत वाङ्मयातले कदाचित सर्वांत पूर्ण चित्र, आणि त्यात कोणीही झोपलेले नाही. दोघेही जागी आहेत, म्हणून दोघेही वाचक आहेत आणि दोघांनाही उत्तर देता येते.

तिसऱ्या अंकात पायऱ्या उलटतात. पंचवटीत राम मूर्च्छित पडतो आणि अदृश्य सीता जागी असते. आता त्याचा देह वाचण्याचा आणि सोडून जाण्याचा अधिकार तिच्या हाती आहे. ती त्याला स्पर्श करते. तो सावध होतो आणि स्पर्श ओळखतो. निश्चेष्ट देहावरून निष्कर्ष न काढता त्याला जागे करणे, हा भवभूतीने पहिल्या अंकाला दिलेला प्रतिसाद आहे. रात्रीच्या भाषेच्या सिद्धान्तात नेमकी हीच क्रिया अनुपस्थित असते. तो सिद्धान्त झोपलेल्याला साक्षीदार बनवतो, परंतु त्याला उलट प्रश्न विचारण्याची सोय ठेवीत नाही. नात्याविषयीची जी साक्ष जागे झाल्यावर नाकारता येत नाही, ती साक्ष नसून आरोप असतो; आणि अंकांच्या क्रमाने पाहता, ‘उत्तररामचरिता’चे कथानक अशाच एका न विचारलेल्या प्रश्नाचे प्रायश्चित्त आहे.